विजयदुर्गावर हेलियम सापडला नव्हता

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावर ‘हेलियम दिन’ साजरा होतो. त्यामागची गोष्ट अशी सांगतात: १८६८ साली याच तारखेला नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या किल्ल्यातून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यावर एक नवं मूलद्रव्य शोधलं, तेच हेलियम. किल्ल्यात दगडी ओटे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, कारण साहेबाची उपकरणं तिथे उभी होती. भाषणं होतात, शाळेची मुलं येतात, जिल्ह्याच्या पानावर बातमी येते, आणि समाजमाध्यमांवर दर पावसाळ्यात ही माहिती नव्याने उगवते.

यातला किल्ला खरा, लॉकियर खरे, ग्रहण खरं आणि ओट्यांची आठवणही खरी. त्या सगळ्यांची मोट बांधून केलेली गोष्ट मात्र खोटी आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, जवळजवळ साडेएकोणतीस वर्षांनी. तोवर हेलियम हे नाव छापून सत्तावीस वर्षं झाली होती आणि तो वायू पृथ्वीवर हाती लागून तीन वर्षं.

माझं म्हणणं असं, की विजयदुर्गावरचा १८ ऑगस्टचा हा कार्यक्रम बंद करून त्या जागी २२ जानेवारी पाळावा, आणि तोही एकट्या विजयदुर्गाला नव्हे. फलक, पत्रकं, सरकारी पर्यटन-मजकूर जिथे जिथे ही जुनी गोष्ट छापली आहे तिथे ती बदलावी. एवढ्याशा चुकीसाठी इतका आटापिटा कशाला, असं वाटेल. चूक एवढीशी नाही. तिच्याखाली आपल्याच मातीतली खरी माणसं आणि खरं काम गाडलं गेलं आहे.

आधी साधी व्यवहारातली गोष्ट घ्या. ऑगस्टात कोकणात सूर्य दिसतो का? ज्याने श्रावणात देवगडच्या किनाऱ्यावर चार दिवस काढले आहेत, त्याला हे विचारायचीही गरज नाही. त्या ग्रहणाचा पट्टा भारताचा पश्चिम किनारा ओलांडून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम असा पूर्वेकडे गेला होता. हजारो मैलांवरून जड उपकरणं घेऊन येणाऱ्या तुकड्यांनी मुद्दाम सह्याद्रीच्या पलीकडच्या जागा निवडल्या. रॉयल सोसायटीने पाठवलेले लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते. जर्मन तुकडी विजापूरजवळ होती. मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन हे दोघेही गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणमला गेले, आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला. घाटाच्या पूर्वेला असूनही जमखंडीत ढगांनी हर्शेल यांना छळलंच. अशा वेळी वाघोटन खाडीच्या तोंडाशी, ऐन पावसात, कोण शहाणा दुर्बीण मांडून बसला असता?

लॉकियर तर कुठेच गेले नव्हते. बत्तीस वर्षांचा हा माणूस लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करत होता आणि फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य बघत होता. सूर्याच्या कडेवर ग्रहणात लालसर ज्वाला दिसतात. त्यांचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाशाचे रंग फोडून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला तर ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील, अशी कल्पना त्यांना आधीच सुचली होती. पण त्यासाठी हवा तसा ताकदवान स्पेक्ट्रोस्कोप बनवायला कारागिराने फार वेळ लावला. तो हातात पडला ऑक्टोबर १८६८ च्या मध्यावर. २० ऑक्टोबरला लॉकियर यांना घरबसल्या, ग्रहणाशिवाय, त्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. (तापलेल्या वायूचा प्रकाश असा फोडला की ठराविक रंगांच्या रेषा दिसतात, आणि त्यांवरून मूलद्रव्य ओळखता येतं.)

तोवर जान्सन यांनी तेच गुंटूरला केलं होतं. १८ ऑगस्टला खग्रास अवस्थेत ज्वालांच्या रेषा त्यांना इतक्या झगझगीत दिसल्या, की या ग्रहण सुटल्यावरही दिसायला हव्यात हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. दुपारी आभाळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ तारखेला, स्पेक्ट्रोस्कोपची फट सूर्याच्या कडेवर धरून त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. तोपर्यंत माणसाला सूर्यज्वाला फक्त ग्रहणाच्या चार-पाच मिनिटांत दिसत; आता त्या रोज पाहता येणार होत्या. जान्सन यांचा खरा शोध हा. पुढचे दोन आठवडे ते रोज सूर्यज्वालांचे नकाशे काढत राहिले. त्यांचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचलं २६ ऑक्टोबरला, आणि त्याच बैठकीत काही मिनिटांच्या फरकाने लॉकियर यांचंही निवेदन वाचलं गेलं. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एक पदक पाडलं. ते होतं सूर्यज्वालांच्या विश्लेषणासाठी. हेलियमचा त्यात संबंध नव्हता.

(या जान्सन यांच्यावर एक स्वतंत्र लेख व्हावा असा हा माणूस आहे. १८७० च्या डिसेंबरात पॅरिसला प्रशियन सैन्याचा वेढा पडला असताना ते बलूनमधून शहराबाहेर उडाले, कारण अल्जीरियात ग्रहण होतं. तिथे पोचले, आणि ग्रहणाच्या वेळी ढग आले.)

मग १८ ऑगस्टला हेलियम कुणी पाहिला? गंमत अशी, की बऱ्याच जणांनी. सूर्यज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे फोडलेल्या प्रकाशाच्या रंगपट्टीत, एक ठळक पिवळी रेषा असते. हर्शेल यांनी जमखंडीत लाल, नारिंगी (म्हणजे हीच पिवळी) आणि निळी अशा तीन रेषा नोंदवल्या. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, असलेले फ्रेंच शास्त्रज्ञ राये यांनी नऊ मोजल्या. पॉग्सन यांनी पिवळी रेषा सोडियमच्या जागी किंवा तिच्या अगदी लगत असल्याचं लिहून ठेवलं. त्यांचा अहवाल मद्रासबाहेर फारसा गेला नाही. जान्सन यांनीही ती पाहिली. यातल्या कुणीही ‘हे नवं मूलद्रव्य आहे’ असं म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं? सोडियमच्या दोन प्रसिद्ध रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर येतात आणि ही तिसरी येते ५८७.६ वर. पाच मिनिटांच्या अंधारात, थरथरत्या हातांनी, छोट्या उपकरणातून हा दीड नॅनोमीटरचा फरक मोजणं सोपं नव्हतं. पिवळी दिसली म्हणजे सोडियम, असं समजणं त्या वेळी अगदी रास्त होतं.

लॉकियर यांना ऑक्टोबरनंतर रोजचा सूर्य हाताशी होता. घाई नव्हती. त्यामुळे ही रेषा सोडियमच्या जोडीशी जुळत नाही, हे त्यांना नीट मोजता आलं. तिला त्यांनी ‘डी-३’ म्हटलं. पण तेव्हाही ते धाडकन नवं मूलद्रव्य म्हणाले नाहीत. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब आणि तापमान बदलून ही रेषा मिळते का ते पाहिलं. मिळाली नाही. हेलियम हे नाव छापील जगात आलं १८७१ मध्ये, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांच्या एडिंबरा इथल्या भाषणातून. त्यावर रसायनज्ञांनी बराच काळ नाक मुरडलं.

आणि त्यांचं बरोबर होतं! हा मुद्दा आपल्या उत्सवी इतिहासातून नेहमी गळतो. अनोळखी रेषा दिसली म्हणजे अनोळखी मूलद्रव्य असलंच पाहिजे, असं काही नाही. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे ग्रहणात त्याच्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयात, एक हिरवी रेषा दिसली. तिच्यावरून ‘कोरोनियम’ नावाचं मूलद्रव्य मानलं गेलं आणि ते सत्तर वर्षं पुस्तकांत राहिलं. शेवटी ती निघाली लोखंडाची, लाखो अंशांवर तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. तेजोमेघांतल्या, म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांतल्या, हिरव्या रेषेवरून ‘नेब्युलियम’ आलं. १९२७ मध्ये कळलं की तो ऑक्सिजन आहे. म्हणजे त्या काळात आकाशातल्या रेषांवरून मानलेल्या या तीन ‘मूलद्रव्यां’पैकी दोन नव्हतीच आणि एक होतं. कुठलं एक, हे १८६८ साली सांगण्याचा कुठलाही मार्ग नव्हता. लॉकियर बरोबर ठरले, पण ते बरोबर ठरायला सत्तावीस वर्षं लागली.

ती सत्तावीस वर्षंही बघा कशी संपली. अमेरिकेच्या भूगर्भ खात्यातले विल्यम हिलेब्रँड यांना युरेनियमच्या खनिजातून एक निष्क्रिय वायू मिळाला होता. त्यांनी तो नायट्रोजन समजून तसं छापलं. लंडनमध्ये रसायनज्ञ विल्यम रॅम्से आरगॉन या वायूच्या शोधातून नुकतेच मोकळे झाले होते आणि आरगॉन एखाद्या खनिजात सापडतो का ते शोधत होते. हिलेब्रँड यांच्या कामाकडे लक्ष वेधलं ब्रिटिश म्युझियममधल्या खनिजतज्ज्ञ मायर्स यांनी. रॅम्से यांनी क्लेव्हाइट नावाचं खनिज आणून आम्लात टाकलं, वायू गोळा केला, नळीत भरून वीज सोडली. आरगॉनऐवजी दिसली पिवळी रेषा. मार्च १८९५. त्यांनी नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे पाठवला आणि क्रुक्स यांनी मोजून कळवलं: डी-३. त्याच वर्षी स्वीडनमध्ये उप्साला इथे क्लेव्ह आणि लांगले यांनी स्वतंत्रपणे तोच वायू काढून त्याचा अणुभारही मोजला. लॉकियर यांनी तो पिवळा प्रकाश नळीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तेव्हा ते साठीला टेकले होते.

आता कुणी सांगावं, हेलियमचा शोध कुठल्या दिवशी, कुठे लागला. १८ ऑगस्ट, गुंटूर, जमखंडी, मच्छलीपट्टणम? २० ऑक्टोबर, लंडन? १८७१, एडिंबरा? १८९५, रॅम्से यांची प्रयोगशाळा? माझं मत विचाराल तर मी १८९५ म्हणेन, कारण तोवर हेलियम ही एक चांगली अटकळ होती. कुणी १८६८ चा ऑक्टोबर म्हणालं तर त्यावर वाद घालता येईल, आणि तो वाद रंगेलही. पण या यादीत विजयदुर्ग कुठेच येत नाही.

गोंधळ कसा झाला असावा, याचा माझा अंदाज साधा आहे. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे गावाला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं, कारण ओटे डोळ्यांसमोर होते. ‘लॉकियर म्हणजे हेलियम’ हे पुस्तकात होतं. ‘हेलियम म्हणजे १८६८ चं भारतातलं ग्रहण’ हेही पुस्तकात होतं. तीन खरी वाक्यं शेजारी ठेवली आणि चौथं खोटं आपोआप तयार झालं. यात कुणाची लबाडी मला दिसत नाही. म्हणून १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याच्या कथेच्या रांगेत मी याला बसवणार नाही. तिथे भक्कम समकालीन पुरावाच नाही. इथे पुरावा भरपूर आहे, फक्त तो वेगळ्या तारखेचा आहे. पण दोन्हींमागची भूक एकच आहे: ‘हे आमच्याकडे झालं’ असं म्हणता आलं पाहिजे. फरक इतकाच, की चौपाटीवर आपण आपल्या माणसाला न केलेल्या कामाचं श्रेय देतो आणि विजयदुर्गावर परक्या साहेबाला. दुसऱ्या प्रकारात तर अभिमान कसला, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. साहेब आमच्या किल्ल्यात बसला होता, हा?

खरा १८९८ बघितला की ही कथा किती गरीब आहे ते कळतं.

२२ जानेवारी १८९८ चा खग्रास पट्टा अरबी समुद्रातून कोकणात शिरला आणि आजच्या महाराष्ट्रातून तिरका ईशान्येला निघून गेला. जानेवारी, निरभ्र आकाश, आणि अंधार दोन मिनिटांच्या आसपास. लॉकियर, आता सर नॉर्मन, यांनी विजयदुर्ग निवडला, कारण ‘मेल्पोमेनी’ ही नौदलाची बोट उपकरणांसकट थेट बंदराला लागू शकत होती. कोकणात रेल्वे नव्हती आणि घाटातून काचेची नाजूक यंत्रं बैलगाडीने आणणं म्हणजे जुगार. बोटीवरच्या खलाशांना हाताशी घेऊन किल्ल्यात तळ उभारला, ग्रहणाची रंगीत तालीम झाली. त्यांना हवे होते खग्रास सुरू होताना आणि संपताना क्षणभर चमकणाऱ्या सूर्याच्या कडेच्या वर्णपटाचे फोटो. हेलियमच्या रेषा त्यात दिसणं आता नवलाचं राहिलं नव्हतं. प्रश्न पुढचे होते. उच्च तापमानाला मूलद्रव्यांच्या रेषा का बदलतात, यावर लॉकियर यांचा स्वतःचा वादग्रस्त सिद्धान्त होता आणि त्यासाठी त्यांना पुरावा पाहिजे होता. (त्यांचा भारतातला हा पहिला ग्रहण-तळ नव्हता. डिसेंबर १८७१ चं ग्रहण त्यांनी केरळातल्या बेकलच्या किल्ल्यातून पाहिलं होतं. या माणसाचं किल्ल्यांशी काहीतरी होतं.)

पण त्या दिवशी महाराष्ट्रात लॉकियर एकटे नव्हते. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले होते. वर्ध्याजवळ पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल होते. वऱ्हाडातल्या तळणीला, धामणगाव आणि पुलगावच्या मधल्या त्या छोट्या स्टेशनाशी, वॉल्टर आणि ॲनी माँडर यांचा तळ होता. ॲनीबाईंनी लग्न केल्यामुळे त्यांना १८९५ मध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेतली नोकरी सोडावी लागली होती. विवाहित स्त्रीला तिथे जागा नव्हती. तळणीला त्यांनी स्वतःचा एक छोटा कॅमेरा लावला आणि त्यात प्रभामंडळाचा एक इतका लांबवर गेलेला झोत टिपला, की तोवर तसा कुणी टिपला नव्हता. विदर्भातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं? तळणीच्या फलाटावर उभं राहून या बाईचं नाव कुणी घेतलेलं माझ्या तरी कानावर नाही.

आणि जेऊरलाच, कॅम्पबेल यांच्याबरोबरीने, होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

या माणसाजवळ जरा थांबायला हवं. १८५७ चा जन्म. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, ते प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिच्यात भर घातली आणि पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. पुण्यातून एक माणूस ताऱ्यांचे आणि तेजोमेघांचे वर्णपट मोजत होता, तेही या शास्त्राचं जगभरातच जेमतेम बस्तान बसत असताना. १८९१ मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या त्याच हिरव्या रेषेवर, म्हणजे पुढे जिला नेब्युलियम म्हटलं गेलं तिच्यावर, लंडनमध्ये वाद पेटला होता. लॉकियर यांचं म्हणणं होतं, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. नायगमवालांनी पुण्याहून निरीक्षण करून दाखवलं, की रेषा धारदार आहे, कुठल्या पट्ट्याचा अवशेष तिच्यात दिसत नाही. बरोबर नायगमवाला होते.

पुन्हा वाचा: पुण्याच्या एका प्राध्यापकाने लॉकियर यांच्या विरोधात निरीक्षण नोंदवलं आणि ते टिकलं. सात वर्षांनी तोच प्राध्यापक, त्याच दिवशी, त्याच ग्रहणासाठी, विजयदुर्गापासून घाटाच्या पलीकडे स्वतःची तुकडी घेऊन उभा होता. आदल्याच वर्षी प्लेगने पुणं उजाड झालेलं, रँडचा खून झालेला, प्रवासावर तपासण्या आणि बंधनं. अशा दिवसांत त्यांनी पुण्याहून उपकरणं जेऊरला नेली, सूर्याच्या कडेचे आणि प्रभामंडळाचे वर्णपट घेतले आणि त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि बाकी सामान कोडाईकनालला गेलं. पुण्यात विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या त्या आवारात वावरल्या असतील. आपण मात्र लॉकियर यांनी जे केलं नाही त्याचा वाढदिवस करतो.

‘साहेबाच्या ओट्या’ला पैसा, मंडप, भाषण आणि जेऊरला काहीच नाही, हा त्या खोट्या तारखेचा खरा खर्च आहे. इतिहासाची जागा रिकामी नसते. तिथे चुकीची गोष्ट बसली की बरोबर गोष्टीला उभं राहायला जागा उरत नाही. रघुनाथाचारींचंही तेच झालं. १८६७ मध्ये ज्यांनी एक बदलता तारा शोधला, ज्यांनी १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर (शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकण्यावर) लोकांना कळावं म्हणून तमिळमध्ये पुस्तिका लिहिली, त्यांना १८ ऑगस्टच्या कुठल्या भाषणात कुणी आठवतं?

‘पण मुलं तरी येतात ना विज्ञानासाठी किल्ल्यावर? तारखेचा कीस काढून उत्साह का मारता?’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मनापासून केला जातो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. मुलं येतात हे खरं. पण त्यांना आपण शिकवतो काय? की एक हुशार साहेब आला, एका दिवशी एका ओट्यावर बसला, दुर्बिणीत डोकावला आणि त्याला हेलियम ‘दिसला’. विज्ञान असं कधीच होत नाही, आणि हेलियमच्या बाबतीत तर मुळीच झालं नाही. तिथे बऱ्याच जणांनी एक रेषा पाहिली पण नवं काही ओळखलं नाही, एकाने मोजून नाही म्हटलं, रसायनज्ञ हसले, एका अमेरिकनाने वायू हातात असून ओळखला नाही, आणि दुसरंच काहीतरी शोधणाऱ्या माणसाला तो सापडला. यातला प्रत्येक टप्पा आठवीच्या मुलाला समजतो आणि आवडतो. शिवाय आज त्या मुलाच्या खिशात फोन आहे. त्याने घरी जाऊन लॉकियर यांचं चरित्र चाळलं की दहा मिनिटांत त्याला कळेल की किल्ल्यावर आपल्याला चुकीचं सांगितलं. मग तो पुढच्या वेळी खऱ्या गोष्टीवर तरी का विश्वास ठेवेल?

दुसरा आक्षेप जरा चतुर आहे: ‘१८ ऑगस्टचं ग्रहण भारतातूनच दिसलं, त्यात काहीतरी मोठं घडलं, मग ती तारीख इथे पाळली तर बिघडलं कुठे?’ काही बिघडत नाही. गुंटूरला पाळा, जमखंडीत पाळा, मच्छलीपट्टणमला पाळा. १८ ऑगस्टला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळणारा एक देश आहेच, थायलंड. तिथल्या राजा मोंगकुट यांनी या ग्रहणाची वेळ आणि जागा स्वतः गणित करून आधी सांगितली होती. ग्रहण पाहायला ते लवाजम्यासह वा को या दलदलीच्या जागी गेले, गणित बरोबर ठरलं, आणि तिथे जडलेल्या मलेरियाने दीड महिन्यात त्यांचं निधन झालं. थायलंडने ती तारीख घेतली तिला आधार आहे. विजयदुर्गाला त्या तारखेचा आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. आंग्र्यांचं आरमार, १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने घातलेला घाला, आणि वर २२ जानेवारी १८९८. एवढा ऐवज असलेल्या किल्ल्याने उसना हेलियम कशाला मिरवावा?

करायचं काय, ते फार अवघड नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे ओट्यांपाशी अधिकृत फलक लावणं हे त्यांचं काम. त्यावर चार ओळी पुरेत: २२ जानेवारी १८९८, खग्रास सूर्यग्रहण, सर नॉर्मन लॉकियर यांचा तळ, ‘मेल्पोमेनी’ बोटीच्या खलाशांची मदत, आणि शेवटी, त्याच दिवशी जेऊर, तळणी आणि पुलगाव इथेही निरीक्षणं झाली. तसाच एक फलक जेऊर स्टेशनवर नायगमवाला यांच्या नावाने, आणि एक तळणीला ॲनी माँडर यांच्या नावाने. ज्या कॉलेजात नायगमवाला शिकवत, त्यांनी पुण्यात काय करावं हे त्यांनाच ठरवू दे, पण काहीतरी करावं.

आणि विजयदुर्गचा कार्यक्रम? तो जानेवारीत न्यावा. तेव्हा कोकणात सूर्य असतो, हा पहिला फायदा. दुसरा असा, की पदवीच्या कुठल्याही भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा असतो, आणि हेलियमची विसर्गनळी (वीज सोडली की उजळणारी वायूची नळी) मागवली तर फार महाग पडत नाही. किल्ल्यातल्या एखाद्या अंधाऱ्या कोठीत दोन्ही शेजारी लावावेत, मुलांच्या हातात स्पेक्ट्रोस्कोप द्यावा, आणि कुठला दिवा कशाचा हे न सांगता विचारावं, की या दोन पिवळ्या रेषा एकच आहेत की वेगळ्या. काही जण एकच म्हणतील. हर्शेल आणि जान्सन यांचंही तसंच झालं होतं, हे त्यांना नंतर सांगता येईल.